तीन पेडांची वेणी

महोदय,

मुलींच्या वेणीकडे आपण आता केवळ शाळेच्या शिस्तीचा भाग म्हणून पाहतो, याची मला मनापासून खंत वाटते. संस्कृत काव्यातील विरहिणी एकच वेणी धारण करते आणि पती परतल्यावरच ती सोडली जाते. प्रयागच्या संगमालाही आपण त्रिवेणीच म्हणतो; तेथे गंगा आणि यमुना दिसतात, सरस्वती मात्र गुप्त मानली जाते, जसा तिपेडी वेणीतला एक ना एक पेड आळीपाळीने इतरांखाली दडत असतो. महाराष्ट्रातील अनेक दांपत्ये तेथे वेणीदान करतात, म्हणजे पती स्वतःच्या हाताने पत्नीची वेणी घालतो आणि तिचे टोक कातरून संगमाला अर्पण करतो. माझी आई आपल्या वेणीदानाची आठवण सांगे, तेव्हा वडिलांची बोटे पेड धरताना कशी अडखळली आणि सुटलेली वेणी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून कशी घातली, हेच ती रंगून सांगत असे. चौपेडी, पाचपेडी वेण्या घालणारे हात आता घराघरांत थकत चालले आहेत. आपल्या पुरवणीने त्यांच्याकडून या वेण्यांची कृती छायाचित्रांसह मागवून छापावी, ही आग्रहाची विनंती.

– एक वाचक, सातारा