बिबट्याच्या पाठीवर शंकरपाळे

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात आमच्या शिवारात बिबट्या आला म्हणून एक फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला आणि चार रात्री मोटर चालू करायला कोणी शेतात गेलंच नाही. आमच्याकडं थ्री फेज लाईट रात्रीचीच असते, गहू तसाच तहानलेला राहिला. मला फोटोचा जुना नाद, म्हणून झूम करून बघितलं तर पाठीवर ठिपक्यांवरून जाळीची सावली, अगदी शंकरपाळ्यासारखे चौकोन! म्हणजे पिंजऱ्यातला.

आता पिंजऱ्यातले फोटो मी पण काढतो, त्यात लाज कसली. रेलिंगच्या अलीकडूनच झूम पूर्ण ताणायचा, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक मोकळं ठेवायचं, जाळीवर ऊन नको आणि बिबट्या जाळीपासून मागं सरकेपर्यंत दम धरायचा, मग जाळी फोटोत विरघळून जाते, पण अंगावर पडलेली सावली काही जात नाही. फोटो फिरवणाऱ्याला एवढं पण दिसलं नाही.

गौताळा अभयारण्याच्या बाजूनं मी सहा वर्षं चकरा मारायलोय, जंगलातल्या बिबट्याचा माझा फोटो एकच, तो पण पहाटेच्या अंधारात शटर स्लो पडून हललेला, शेपूट अन् मागचा एक पाय. बायको म्हणते मांजर आहे.

लोक भितात त्यात त्यांची चूक नाही, 2020 ला बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली ते कोण विसरंल. म्हणून तर एका पेपरनं तोच फोटो छापून कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘संग्रहित’ लिहिलं याचा जास्त राग आला, चष्मा लावूनही ते दिसंना. पिंजऱ्यातला असंल तर मोठ्या अक्षरात तसं लिहा ना. आणि खरंच रानातला असला तर गाव, गट नंबर छापू नका, दुसऱ्या दिवशी मोबाईल घेऊन जत्रा भरते. ओळख पटवायची तर वन खात्याकडं कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे असतात, प्रत्येक बिबट्याचे ठिपके वेगळे, त्यातही डाव्या अंगाचे वेगळे अन् उजव्याचे वेगळे, म्हणून समोरासमोर दोन कॅमेरे लावतात.

पाचव्या रात्री आम्ही तिघं बॅटरी, काठी घेऊन गेलो अन् गहू भिजवला.

सोबत शेपटीचा फोटो पाठवतोय. छापला तर खाली ‘पिंजऱ्यातला नाही’ एवढं लिहा, घरी दाखवायचंय.

एक वाचक, ता. कन्नड