ल्यूक कीकली, तुमचे मनापासून आभार

प्रिय ल्यूक,

कबड्डी पाहत वाढलेल्या आम्हा मराठी प्रेक्षकांची नजर अमेरिकन फुटबॉलमध्येही आधी पकडीवरच जाते. कोणी कोणाला आडवं पाडलं, एवढंच दिसतं. तुमचा ५९ नंबर पाहता पाहता ती सवय मोडली. बचाव चेंडू हलण्याआधीच सुरू होतो आणि टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला पकडून पाडणं, ही त्याची शेवटची पायरी असते, हे तुमच्यामुळे उमगलं. त्याचे आभार मानायला हे पत्र.

२०१२ मध्ये एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, कॅरोलायना पँथर्स संघाने तुम्हाला नवव्या क्रमांकावर घेतलं. त्याच वर्षी तुम्ही सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरलात आणि २०१३ मध्ये अख्ख्या लीगचे सर्वोत्तम बचावपटू. पण आम्हाला शिकवलं ते तुमच्या पहिल्या पावलाने.

मधला लाइनबॅकर, म्हणजे तुमच्या जागेवरचा बचावपटू, दोन्ही संघ समोरासमोर येतात त्या रेषेच्या मागे चार-पाच यार्डांवर उभा असतो. नवखा तिथून क्वार्टरबॅककडे, म्हणजे समोरच्या संघाची चाल चालवणाऱ्याकडे, बघतो आणि फसतो, कारण फसवणं हे क्वार्टरबॅकचं कामच आहे. बघायचं ते गार्डकडे, म्हणजे त्याच्यापुढे रेषेवर वाट अडवून उभ्या असणाऱ्याकडे. त्याने जमिनीला टेकवलेल्या हाताची पेरं भार येऊन पांढरी पडली असतील, तर तो पुढे झेपावणार, म्हणजे बहुधा रन (चेंडू घेऊन धावणं). हात नुसता टेकलेला असेल तर पास (चेंडू पुढे फेकणं). हा झाला अंदाज. खात्री स्नॅपनंतर, म्हणजे रेषेच्या मधल्या सेंटरने चेंडू मागे दिल्यावर होते. गार्डचं हेल्मेट खाली राहून पुढे आलं तर रन, वर उठून मागे गेलं तर पास, आणि तो रेषेमागून आडवा पळाला तर चेंडूही बहुतेक त्याच बाजूला. पास पुढे जायचा असेल तर चेंडू सुटेपर्यंत गार्डला रेषेपुढे एका यार्डापलीकडे जाता येत नाही, म्हणून त्याला थाप मारणं अवघड जातं.

यात चुकतं कुठे? घाईत. सेंटर आणि गार्डमधली फट लाइनबॅकरने सांभाळायची असताना तो बाहेर धावला, तर चेंडू घेऊन धावणारा त्याच फटीतून उलटा वळून निघून जातो. त्यासाठी धावणाऱ्याच्या पुढे न पळता अर्धं पाऊल मागे, आतल्या बाजूने पाठलाग करायचा. हा संयम तुमच्याइतका स्वच्छ आम्ही क्वचितच कोणात पाहिला. डिसेंबर २०१३ मध्ये न्यू ऑर्लिन्सविरुद्ध तुमच्या नावावर लागलेल्या २४ टॅकल्समागे हेच वाचन होतं.

पासविरुद्धही तेच. दोन सेफ्टी (सगळ्यांत मागचे बचावपटू) मैदानाच्या दोन बाजू सांभाळतात तेव्हा मधली खोल जागा लाइनबॅकरकडे येते, आणि त्याला पंधरा-वीस यार्ड मागे पळावं लागतं. रनच्या हुलकावणीला भुलून एक पाऊल पुढे पडलं की ती जागा उघडीच. जानेवारी २०१६ मध्ये सिअॅटल आणि अॅरिझोना, अशा लागोपाठ दोन प्लेऑफ (बाद फेरीच्या) सामन्यांत तुम्ही पास मध्येच झेलून थेट टचडाऊन केलात, म्हणजे चेंडू गोलपट्टीत नेलात, तेव्हा चेंडू येण्याआधी पाय तिकडे निघालेले होते.

हेल्मेटवरच्या हिरव्या ठिपक्याबद्दलही आभार. तो ज्याच्याकडे, त्याच्याच कानात प्रशिक्षकांचा आवाज येतो, आणि चाल सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तोही बंद. त्यानंतर समोरच्याने रचना बदलली तर उरलेल्या दहा जणांना हलवायचं ते एकट्याने, ओरडून. समोरून कोणता प्ले (चाल) येतोय हे तुम्ही आधीच ओरडून सांगायचात, ते टीव्हीवरही ऐकू यायचं.

टॅकलबद्दल एकच गोष्ट, कारण ती जिवावरची आहे. नजर चेंडूवाल्याच्या कमरेवर, डोकं वर, एक पाय त्याच्याजवळ टाकून त्याच पायाच्या बाजूचा खांदा लावायचा, हात गुंडाळायचे आणि पाय चालू ठेवायचे. मान खाली गेली की धक्का डोक्याला आणि मणक्याला बसतो. मात्र सगळं बरोबर करूनही धोका पुरता टळत नाही. २०१५, २०१६ आणि २०१७ अशी सलग तीन वर्षं तुम्हाला कन्कशन (डोक्याला मार बसून मेंदूला धक्का) झाली.

जानेवारी २०२० मध्ये, अवघ्या २८ व्या वर्षी तुम्ही थांबलात. हा खेळ वेगाने, ताकदीने आणि अंगावर घेऊनच खेळायचा असतो आणि आता ते आपल्याला जमेल याची खात्री नाही, असं तुम्ही डोळ्यांत पाणी आणून सांगितलंत. डोक्याला मार बसल्यावरही मैदानात परतायची घाई करणाऱ्या पोरांना दाखवायला आमच्याकडे आता ती चित्रफीत आहे. तिच्यासाठी सगळ्यात जास्त आभार.

तुमचे,
स्नॅपआधी गार्डचा हात बघणारे मराठी प्रेक्षक