गुडघा म्हणजे बिजागरी नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीतला गुडघेदुखीवरचा लेख वाचला. लेखाबद्दल फार तक्रार नाही, तक्रार आहे ती सोबतच्या चित्राबद्दल. गुडघ्याच्या जागी दाराची गंजकी बिजागरी आणि खाली ओळ, ‘वंगण संपलं की झीज होणारच!’ दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका मोफत शिबिरात हेच वाक्य मी ऐकलंय. तिथल्या डॉक्टरांनी माझा एक्स-रे खिडकीकडे धरला आणि म्हणाले, “आजी, गॅप संपलाय. आता चालणं कमी करा.” आजी व्हायला मला अजून अवकाश होता, पण ते सोडा. मी खरंच चालणं कमी केलं. वर्षभरात वजन सहा किलोंनी वाढलं आणि गुडघा होता त्याहून जास्त दुखायला लागला.

मी पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं टेक्निशियन होते. खरं तर शिबिरातच मला हे आठवायला हवं होतं, कारण गुडघ्याच्या आत काय चालतं ते मी स्वतःच्या हातांनी कापून पाहिलंय. २००० साली ब्रीच कँडीत वाजपेयींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि सांधेबदल हा शब्द घराघरात पोचला. पुढच्या काही वर्षांत आमच्याकडेही फॉर्मॅलिनच्या बरण्या वाढल्या. हाडाचा तुकडा आला की तो आम्लात मऊ व्हायची वाट बघत दिवस जायचे. कधी सोबत सांध्याच्या आतलं अस्तर यायचं, सायनोव्हियम. निरोगी अस्तर इतकं पातळ असतं की सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची जेमतेम एक-दोन पदरी ओळ दिसते. ‘झिजलेल्या’ गुडघ्याचं अस्तर मात्र पुष्कळदा जाड, गोधडीसारखं झालेलं, त्याला बोटांसारखे कोंब फुटलेले. रंगवलेल्या गुलाबी पट्टीत रक्तवाहिन्यांच्या कडेला गडद निळे ठिपके, कोणी मोहरी सांडावी तसे. त्या लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशी. आमवात म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्यांवर उलटते तो आजार. त्याच्या स्लाइडवर त्यांची जत्रा असते, इथे तुरळक बाजार. पण बाजार असतोच. नुसत्या घासण्यानं बिजागरी झिजते तेव्हा तिच्याभोवती असं कोणी जमत नाही.

सगळ्यांत जास्त असतात त्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी, शरीरातल्या सफाई कामगार. कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी. तिचे सूक्ष्म कण सुटले की या पेशी ते गिळायला येतात आणि येताना इंटरल्युकिन-१, टीएनएफ असली दाह वाढवणारी रसायनं सोडतात. ती रसायनं कूर्चेतल्या पेशींपर्यंत पोचली की त्या पेशी स्वतःच भोवतालची गादी विरघळवणारी विकरं (एन्झाइम) तयार करू लागतात. गादी आणखी सुटते, सफाईवाले आणखी चेकाळतात. म्हणजे घर झाडायला आलेल्यांनीच फरशी उखडायची, असा प्रकार. अमेरिकेत २०१६ साली एका अभ्यासात चेतवलेल्या मॅक्रोफेजना चिकटणारा किरणोत्सारी पदार्थ देऊन जिवंत माणसांचे गुडघे तपासले. रुग्ण पंचवीसच होते, पण त्यांच्या गुडघ्यांपैकी ७६ टक्क्यांत या पेशी जाग्या सापडल्या. जिथे त्या जास्त, तिथे दुखणंही जास्त.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. कूर्चेला ना रक्तवाहिनी असते, ना मज्जातंतू. जिला संवेदनाच नाही ती गादी दुखणार कशी? दुखतं ते अस्तर, खालचं हाड, वाटीमागची चरबी. म्हणून तर एक्स-रेत ‘गॅप’, म्हणजे दोन हाडांमधली जागा, अगदी कमी असलेली माणसं रोज फिरायला जातात आणि गॅप बरा असलेली जिन्यावर कठडा धरून रडतात.

वजनाचंही तसंच. जड माणसाच्या गुडघ्यावर भार जास्त पडतो हे खरंच आहे. पण जाड माणसांच्या हाताच्या बोटांच्या सांध्यांतही हा आजार जास्त आढळतो, आणि बोटांवर कोणी चालत नाही. चरबी ही नुसती साठवण नसते. तिच्यातूनही दाह वाढवणारी रसायनं रक्तात उतरतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत स्थूल आणि गुडघेदुखी असलेल्या ४५४ जणांना दीड वर्ष आहारावर, व्यायामावर किंवा दोन्हींवर ठेवलं होतं. ज्यांनी दोन्ही केलं त्यांचं वजन सरासरी दहा किलोंच्या वर उतरलं, दुखणं सगळ्यांत कमी झालं आणि रक्तातलं इंटरल्युकिन-६ हे दाहाचं रसायनसुद्धा घटलं.

मग आमवाताचीच औषधं यालाही का देऊ नयेत, असं माझ्या मनात आलं होतं. देऊन झालीत. इंटरल्युकिन-१ अडवणारं औषध थेट गुडघ्यात टोचलं, टीएनएफ अडवणारं औषध हाताच्या सांध्यांसाठी वापरलं, आणि दोन्हींचा खोट्या औषधापेक्षा फायदा दिसला नाही. उलट हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांच्या एका चाचणीत कॅनाकिनुमॅब हे औषध देऊन पाहिलं होतं, तेही इंटरल्युकिन-१ अडवणारंच. त्या नोंदी २०२० मध्ये पुन्हा चाळल्या, तर औषध घेणाऱ्यांत गुडघे-खुबे बदलण्याचं प्रमाण बरंच कमी निघालं. ती चाचणी गुडघ्यांसाठी नव्हतीच, म्हणून त्यावर हुरळून जायला नको. शिवाय सगळे मॅक्रोफेज शत्रू नाहीत. उंदरांच्या सांध्यात अस्तरावरचे काही मॅक्रोफेज एकमेकांना घट्ट चिकटून सांध्याभोवती भिंत उभी करतात, हे २०१९ साली दिसलं. आता कोणाला आवरायचं, कोणाला राहू द्यायचं आणि कधी, इथे घोडं अडलंय.

म्हणून दर तीन महिन्यांनी गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेणाऱ्यांची मला काळजी वाटते. सूज असताना एखादं घेतलं तर आराम पडतो, नाही म्हणत नाही. पण २०१७ च्या एका चाचणीत १४० जणांना दोन वर्षं दर तीन महिन्यांनी एकतर स्टेरॉइड, नाहीतर नुसतं मिठाचं पाणी टोचलं. दुखण्यात दोन गटांत फरक पडला नाही, कूर्चा मात्र स्टेरॉइडवाल्यांचीच जास्त घटली. माझ्या शेजारणीची चार झालीत. पाचवं कधी, हे तिला कार्डावर लिहून दिलंय.

मी आता खुर्चीत बसून पाय सरळ करायचा व्यायाम करते, दोन्ही पायांना वीस-वीस वेळा, आणि सकाळी अर्धा तास चालते. जिना उतरताना अजून कळ येते. सूज आली, गुडघा गरम लागला की दोन दिवस कमी चालते, पण घरात बसून राहत नाही. वंगण संपलंय हे डोक्यात बसलेलं असताना प्रत्येक पावलाला आपण गुडघा खर्च करतोय असं वाटायचं. ‘झीज’ या शब्दानं माझं नुकसान केलं ते हे.

तेव्हा पुढच्या वेळी गुडघ्यावर काही छापाल, तर बिजागरीच्या जागी सांध्याचा साधा आडवा छेद काढून घ्या आणि त्यात अस्तर दाखवा. चित्रकाराला जुन्या स्लाइड बघायच्या असतील तर अशी सामग्री कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयाच्या पॅथॉलॉजी विभागात मिळेल. रंगासाठी गुलाबी आणि जांभळा पुरे.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, मिरज