आधी आगाऊ रक्कम, मग नमुना

महोदय,
माझी भाची कोथरूडला घरूनच एकटी अ‍ॅनिमेशन आणि कलादिग्दर्शन करते. अ‍ॅनिमेशनमध्ये सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या स्थिर चौकटी. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी १२ चित्रं. नुसती रिक्षावाल्याची मान वळवण्यात तिचे तीन दिवस गेले. (ती मान 'नाही' म्हणायलाच वळली होती, हे पुणेकरांना सांगायला नको!) एका कंपनीने 'नमुना' म्हणून अर्धा मिनिट, म्हणजे ३६० चित्रं, फुकट करून घेतली आणि नंतर फोन उचलणंच बंद केलं. वर नातेवाईक विचारतात, नोकरी कधी धरणार? प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट उभी असलेल्या या शहरात, आगाऊ रक्कम आणि लेखी करार मागितला की लोकांच्या कपाळाला आठ्या का पडतात?

– एक मामा, कोथरूड, पुणे