सॉना केबिनमध्ये चुकीचे तापमान, बंद घंटा आणि नाकारलेला परतावा यांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख
(दादर पश्चिम शाखेच्या व्यवस्थापकांमार्फत)

दि. ८ डिसेंबर २०२५

विषय: २० नोव्हेंबर २०२५ रोजी इन्फ्रारेड सॉनाच्या सत्रात आलेली भोवळ आणि त्यानंतर मिळालेले उत्तर

स. न. वि. वि.

माझे वय ६१ आहे. तेहेतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, राहायला माहीमला. घरी ८६ वर्षांची आई अंथरुणाला खिळलेली आहे. तिला उठवणे-बसवणे, कूस बदलून देणे, अंघोळ घालणे मीच करते, त्यामुळे माझी पाठ आणि खांदे सदा भरून आलेले असतात. या भाऊबीजेला धाकट्या भावाने ओवाळणी म्हणून तुमच्याकडच्या दहा सत्रांचे पॅकेज माझ्यासाठी घेतले. कर धरून ₹१५,००० त्याने भरले. "ताई, आठवड्यातले दोन तास तरी तुझे असू देत," एवढेच म्हणाला.

पहिली पाच सत्रे चांगली गेली, हे आधी लिहिते. अर्धा तास त्या लाकडी केबिनमध्ये बसायचे, पाठीमागच्या पॅनेलची ऊब हळूहळू आत मुरायची आणि आखडलेले खांदे सैल व्हायचे. मुंबईत घाम फुकट येतो, त्याला पैसे कशाला, असे शेजारणीने विचारले होते. पण आपल्या दमट हवेतला घाम अंगावर चिकटून राहतो आणि जीव नकोसा करतो. केबिनमधून बाहेर पडल्यावर कोरड्या पंच्याने अंग टिपून शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर दहा मिनिटे बसले की इतके हलके वाटायचे, की त्या रात्री गोळीशिवाय झोप लागायची. म्हणजे तुमच्या सेवेवर माझा राग नाही. तिचा मला उपयोग होत होता, म्हणूनच हे पत्र इतक्या तपशिलाने लिहिते आहे.

गुरुवार, २० नोव्हेंबरला सहावे सत्र होते. नेहमीची मुलगी रजेवर होती. तिच्या जागी आलेल्या मुलीचा तो दुसराच दिवस होता, हे तिनेच मला सांगितले. मी म्हटले, "नेहमीचेच लाव गं." तुमच्या यंत्रावरचे आकडे फॅरेनहाइटमध्ये आहेत. माझे नेहमीचे तापमान १२०, म्हणजे सुमारे ४९ अंश सेल्सिअस. तिने १५० वर ठेवले. १५० फॅरेनहाइट म्हणजे साडेपासष्ट अंश सेल्सिअस! धातूची काडी तापते म्हणून मी चष्मा बाहेर काढून ठेवते, त्यामुळे आतला आकडा मला वाचता आला नाही. मुंबईत ताप मोजायला फॅरेनहाइट आणि हवा मोजायला सेल्सिअस, अशी आपली सगळ्यांची सवय. नव्या मुलीला १२० आणि १५० यांतला फरक कोणी समजावला नसेल, तर तो तिला उमगणार कसा?

वीस-एक मिनिटांनी छाती धडधडू लागली, कानात गुंजारव सुरू झाला, मळमळले. मी घंटेचे बटण दाबले. पुन्हा दाबले. तिसऱ्यांदा दाबून धरले. काहीच नाही. ही घंटा वाजत नसल्याचे मी दुसऱ्याच सत्रात काउंटरवर सांगितले होते आणि माझ्या देखत ते वहीत लिहून घेतले गेले होते. उठून उभी राहिले तशी डोळ्यांपुढे अंधारी आली. दार ढकलून उघडते, एवढेच नशीब. कॉरिडॉरच्या लाद्यांवर भिंतीला टेकून खाली बसले. समोरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. अकरा वाजून बावीस मिनिटे होईपर्यंत तिकडे कोणी फिरकले नाही. शेवटी मसाजच्या खोलीतून बाहेर आलेल्या एका अनोळखी बाईंनी मला स्वतःच्या बाटलीतले पाणी पाजले आणि काउंटरवरून माणूस बोलावून आणले.

धावत आलेली मुलगी म्हणाली, "काकू, घाबरू नका, टॉक्सिन्स बाहेर पडतायत, चांगलं लक्षण आहे."

त्या मुलीवर कारवाई करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. तिला जे शिकवले तेच ती बोलली. दोन दिवसांच्या शिकाऊ मुलीला एकटीला मजल्यावर सोडणे हा निर्णय तिचा नव्हता.

त्याच दुपारी आमच्या डॉक्टरांकडे गेले. रक्तदाब ९०/६० भरला. ईसीजी सुदैवाने ठीक निघाला. मला रक्तदाबासाठी दोन गोळ्या आहेत, त्यांतली एक लघवी वाढवणारी. डॉक्टरांनी सांगितले ते सरळ आहे: उष्णतेने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि दाब उतरतो, माझ्या गोळ्याही दाबच उतरवतात, आणि गोळी व घाम दोन्ही मिळून अंगातले पाणी कमी करतात. अशा वेळी झटकन उभे राहिले की मेंदूला रक्त कमी पडते. त्या संध्याकाळी मला आईला पलंगावरून उचलता आले नाही. शेजारची सून येऊन तिचे सगळे करून गेली. मी त्या लाद्यांवर डोके आपटून पडले असते तर आईकडे कोणी पाहिले असते, हा विचार अजून मनातून जात नाही.

आता माझा मुख्य आक्षेप. पहिल्या दिवशी तुम्ही माझ्याकडून एक फॉर्म भरून घेतलात. त्यात नाव, फोन, वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, आवडता सुगंध आणि फोटो वापरायची परवानगी, एवढे विचारले आहे. रक्तदाब आहे का, हृदयविकार आहे का, कोणती औषधे चालू आहेत, गर्भवती आहात का, मद्य घेतले आहे का, यांतला एकही प्रश्न त्यात नाही. माणसाला तासाला पैसे घेऊन तापवण्याचा व्यवसाय करायचा, तर हे पाच प्रश्न आणि वाजणारी घंटा या गोष्टी सुगंधी पंच्याच्या आधी येतात. मला कोणी विचारले असते तर मी गोळ्यांची नावे सांगितली असती आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसले नसते. मीही आपणहून सांगितले नाही, हे मान्य करते. पण जाहिरातीत "सर्वांसाठी पूर्णपणे सुरक्षित" असे वाचून बसलेल्या माणसाला ते सुचायचे कसे?

त्या जाहिरातीबद्दलही लिहायलाच हवे. घामावाटे विषारी द्रव्ये, म्हणजेच टॉक्सिन्स, बाहेर पडतात असे तुमचा फलक सांगतो. पण घामात मुख्यतः पाणी आणि मीठ असते. शरीरातल्या टाकाऊ द्रव्यांचा निचरा यकृत आणि मूत्रपिंडे करतात, हे मी आठवीच्या मुलांना शिकवत आले. सत्रानंतर वजनकाट्यावर उभे करून "अर्धा किलो कमी झाले" असे तुम्ही कार्डावर लिहिता, ते पाणी असते. घरी जाऊन दोन ग्लास प्यायले की परत येते. तसेच केबिनमधल्या लाल दिव्याकडे बोट दाखवून "हेच इन्फ्रारेड" असे सांगितले जाते. इन्फ्रारेड म्हणजे अवरक्त किरण डोळ्यांना दिसतच नाहीत. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पाडलेल्या रंगपटाच्या तांबड्या कडेच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते, तिथे थर्मामीटर ठेवला आणि त्याचा पारा चढला, तेव्हा ते सापडले. लाल दिवा शोभेचा असेल तर तसे सांगा.

तुमच्या भिंतीवर सॉना हृदयाला हितकारक असल्याचा फिनलंडच्या संशोधनाचा दाखला आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेला तो अभ्यास पूर्व फिनलंडमधल्या २,३१५ मध्यमवयीन पुरुषांचा होता आणि पारंपरिक, हवा तापवणाऱ्या सॉनाचा होता. तुमच्या पॅनेलच्या केबिनला तो जसाच्या तसा लागू होत नाही. अवरक्त केबिनवर काम झाले ते जपानमध्ये, 'वाऑन' नावाने. तिथे हृदयरुग्णांना ६० अंशांवर फक्त पंधरा मिनिटे बसवतात, मग अर्धा तास पांघरूण घालून निजवून ठेवतात आणि गेलेल्या घामाइतके पाणी पाजतात, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मी साडेपासष्ट अंशांवर वीस मिनिटे होते आणि देखरेखीला कोणी नव्हते.

२४ नोव्हेंबरला मी ई-मेल केला. चार दिवसांनी उत्तर आले, त्यात तीन मुद्दे होते. एक, हा प्रकार 'हीलिंग क्रायसिस', म्हणजे बरे होताना आधी होणारा त्रास, असून तो सामान्य आहे. दोन, पॅकेज 'नॉन-रिफंडेबल' आहे; सदिच्छा म्हणून दोन सत्रे मोफत देऊ. तीन, पावती भावाच्या नावाने असल्याने तक्रार त्याने करावी. पहिला मुद्दा वाचून मला फार वाईट वाटले. माझ्या भोवळीला तुम्ही उपचाराचा भाग ठरवलेत. उद्या कोणी खरोखर कोसळले, तर तेव्हाही चांगले लक्षण म्हणून वाट पाहणार का? बाकी दोन मुद्द्यांबाबत ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वाचावा. दुसऱ्याने पैसे भरून त्याच्या संमतीने सेवा घेणारी व्यक्तीही त्या कायद्यात ग्राहकच आहे. आणि पावतीवर 'नॉन-रिफंडेबल' छापले म्हणून सदोष सेवेची जबाबदारी संपत नाही.

मोफत सत्रे मला नकोत. झालेल्या पाच चांगल्या सत्रांचे पैसे मी मागत नाही. सहावे सत्र आणि उरलेली चार यांचे ₹७,५००, तसेच डॉक्टरांची फी व ईसीजीचे ₹१,४०० असे एकूण ₹८,९०० पैसे भरलेल्या खात्यावरच परत करावेत. प्रत्येक केबिनची घंटा दुरुस्त करून रोज सकाळी वाजवून पाहावी, यंत्रावर सेल्सिअसचे आकडे मराठीत लिहून लावावेत, फॉर्ममध्ये प्रकृतीचे प्रश्न घालावेत आणि सत्र चालू असताना दर दहा मिनिटांनी कोणीतरी दारावर टकटक करावी. विषारी द्रव्ये आणि "सर्वांसाठी सुरक्षित" हे दोन्ही फलक काढावेत. २० नोव्हेंबरचे अकरा ते साडेअकराचे कॉरिडॉरचे सीसीटीव्ही चित्रण आणि माझी तक्रार लिहिलेली वही जपून ठेवावी. ती पुसली गेली तर तीही माझ्या तक्रारीचा भाग होईल.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवीन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि मी राहते तिथल्या आयोगाकडे जाता येते. वेळ माझ्याकडे थोडाच आहे, पण यासाठी काढीन.

कळावे,

आपली,
निवृत्त विज्ञान शिक्षिका, माहीम
(नाव व सदस्यता क्रमांक सोबतच्या पावतीच्या प्रतीवर)

सोबत: पावतीची प्रत, फॉर्मचा फोटो, यंत्रावरील १५० या आकड्याचा त्याच दिवशी चष्मा लावून काढलेला फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी व ईसीजी, तुमच्या २८ नोव्हेंबरच्या उत्तराची प्रत