मासिक सभा, पदबदल आणि कथावाचनाबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, आपल्या 'याना'ची, म्हणजेच आपल्या विज्ञानकथाप्रेमी मंडळाची, मासिक सभा येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता, पावसामुळे रंकाळ्याच्या काठाऐवजी वाचनालयाच्या वरच्या खोलीत होईल. कप्तान, सुकाणू अधिकारी व मुख्य अभियंता या पदांचा कार्यभार यावेळी बदलायचा असून, इच्छुकांनी शुक्रवारपर्यंत चिटणिसांकडे नाव लेखी द्यावे. मात्र बिल्ल्याबरोबर नोंदवही लिहिणे आणि खुर्च्या मांडणेही आलेच, याची जाणीव असावी.

कथावाचनासाठीच्या कथा टोपणनावानेच स्वीकारल्या जातील. आपल्या कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी आपली कथा, स्वतःची आद्याक्षरे उलटी करून घेतलेल्या 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली होती, तीच प्रथा आपण चालवीत आहोत. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सुमारे ४.२ प्रकाशवर्षे दूर आहे. तेव्हा ज्यांचे यान तिथे चहा निवण्याआधी पोहोचते, त्यांनी ते कसे, याचा कथेत निदान एका वाक्यात खुलासा करावा.

गणवेश अद्याप शिंप्याकडे असल्यास साध्या वेशात यावे. मिसळीची वर्गणी शनिवारपर्यंत खजिनदारांकडे जमा करावी.

— चिटणीस