बी विंगमधील इंटरनेटची जुनी केबल बदलण्यास परवानगी मिळण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती,
मुलुंड (पूर्व), मुंबई

महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यापासून माझ्या घरचे इंटरनेट मंद चालते आहे. दोष माझ्या सदनिकेत नसून गच्ची ते दुसरा मजला या सामाईक मार्गावर आहे, अशी खात्री पटल्यावरच हे पत्र लिहीत आहे.

घरातल्या शक्यता मी आधी तपासल्या. टीव्हीमागे अडकलेला राउटर मोकळ्या जागी उंचावर ठेवला, आणि शेजारच्या घरांतील वायफायची गर्दी २.४ गिगाहर्ट्झवर जास्त असते म्हणून मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर जोडले. फरक पडला नाही. शेवटी बाहेरून येणारी केबल थेट लॅपटॉपला लावली, तेव्हा २०० एमबीपीएसची जोडणी असूनही सकाळ असो वा मध्यरात्र, वेग ९४ च्या पुढे गेला नाही. केबलच्या आठ तारांपैकी चारच धड असल्या की जोडणी १०० एमबीपीएसवर उतरते आणि हाती साधारण एवढाच वेग लागतो. पावसाची सर आली की तोही टिकत नाही. परवाच्या अवकाळी पावसात मुलीची बारावीच्या क्लासची ऑनलाइन चाचणी अर्ध्यात बंद पडली, याचे मला फार वाईट वाटले.

रविवारी वॉचमनकडून किल्ली घेऊन कंपनीच्या तंत्रज्ञासोबत गच्चीवर गेले. ए विंगच्या पेटीत तोच लॅपटॉप जोडल्यावर पूर्ण २०० चा वेग मिळाला. तिथून निघालेली केबल कठड्यावरून लोंबत बी विंगमध्ये येते आणि पाण्याच्या टाकीजवळ तिला नुसती चिकटपट्टी गुंडाळलेला जोड आहे. पट्टी सोडताच आतून पाणी ठिबकले. तांब्याच्या तारा हिरव्या पडल्या होत्या. शिवाय अशी तांब्याची केबल १०० मीटरपर्यंतच भरवशाची असते आणि आमची त्याहून लांब भरली. सहाव्या मजल्यावरील सभासदांचीही हीच तक्रार आहे, कारण त्यांची केबल याच जोडाशेजारून जाते.

यावर जोड पुन्हा बांधणे हा उपाय नव्हे. त्याऐवजी थेट घरापर्यंत ऑप्टिकल फायबर आणावी, असे मला वाटते. काचेच्या तंतूतून प्रकाश जात असल्यामुळे ओलाव्याने तारा गंजण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि हे अंतर तिला सहज पेलते. नव्या वॉटरप्रूफिंगला धक्का नको म्हणून समितीने गच्चीवर ड्रिलिंगला मनाई केली आहे आणि ती मला मान्य आहे. तंत्रज्ञाच्या म्हणण्याप्रमाणे दोन विंगना जोडणाऱ्या जुन्या पाइपातून आणि टेलिफोनच्या डक्टमधून फायबर ओढता येते, त्यामुळे कुठेही भोक पाडावे लागणार नाही.

तरी जूनपूर्वी एका रविवारी हा डक्ट उघडून द्यावा, कामाच्या वेळी समितीचे एक सदस्य उपस्थित राहावेत आणि निकामी केबली त्याच दिवशी काढून नेण्याची अट कंपनीला घालावी, ही नम्र विनंती. माझ्या जोडणीचा खर्च मी स्वतः करीन.

कळावे,
आपली नम्र,
सभासद, बी विंग, दुसरा मजला